टोनी जॅकलिनने मागितलेलं विमान

पदक मिळालं की आपल्याकडे पहिला फोटो घराचा छापून येतो. पत्र्याचं छप्पर, चुलीशेजारी उभी आई, भिंतीवर खिळ्याला लटकवलेली पदकं. मथळाही ठरलेला: परिस्थितीवर मात. वाचणाऱ्यांचे डोळे पाणावतात, पुढारी सत्काराला येतात, आणि स्पर्धेला जाताना त्या मुलीला रेल्वेचं रिझर्वेशन का मिळालं नव्हतं, हे त्या गर्दीत कुणी विचारत नाही. हलाखीचं हे कौतुक मला फार दिवस खुपतं आहे. हाल सोसले की खेळाडू घडतो, अशी समजूत त्यातून पक्की होत जाते. ज्यांच्यावर सोयी पुरवण्याची जबाबदारी आहे, त्यांचं या समजुतीमुळे आयतंच फावतं.

या समजुतीविरुद्ध मला माहीत असलेला सगळ्यात भक्कम पुरावा एका इंग्लिश गोल्फपटूच्या कारकिर्दीत आहे. टोनी जॅकलिन. गोल्फच्या नोंदींमध्ये त्याच्या नावावर दोन मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या चार स्पर्धांपैकी दोन, विजेतेपदं आहेत, १९६९ ची ब्रिटिश ओपन आणि १९७० ची यूएस ओपन. माझ्या मते त्याचं मोठं काम या दोन्हींनंतरचं आहे. ते त्याने हातात स्टिक न धरता केलं.

जॅकलिन १९४४ मध्ये स्कनथॉर्पला जन्मला. लिंकनशरमधलं हे पोलादाच्या कारखान्याचं गाव. वडील लॉरी चालवायचे. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना गोल्फच्या नादी लागला, पुढे पोलाद कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून लागला, आणि सतराव्या वर्षी ते सोडून लंडनजवळच्या पॉटर्स बार क्लबमध्ये व्यावसायिक प्रशिक्षकाचा मदतनीस झाला. तिथले मुख्य प्रशिक्षक बिल शँकलंड शिस्तीला फार कडक. मदतनिसाने दुकान सांभाळायचं, सभासदांची कामं करायची, आणि यातून वेळ उरला तर स्वतःचा सराव करायचा.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक गोल्फपटूची जागा काय होती, हे इथे सांगायला हवं. हौशी खेळाडू तो साहेब, आणि पैसे घेऊन खेळणारा तो क्लबचा नोकर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यावसायिकांना क्लबहाऊसमध्ये प्रवेशच नसे. वॉल्टर हेगन हा अमेरिकन खेळाडू १९२० च्या ब्रिटिश ओपनला इंग्लंडात आला, तेव्हा आत कपडे बदलायची मुभा नाही म्हणून त्याने भाड्याची आलिशान मोटार क्लबहाऊससमोर उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टोलेडो शहरात इन्व्हर्नेस क्लबने यूएस ओपनसाठी व्यावसायिकांना पहिल्यांदा आपलं दार उघडून दिलं. खेळाडूंना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की सगळ्यांनी वर्गणी काढून क्लबला एक मोठं घड्याळ भेट दिलं. ती स्पर्धा टेड रे या ब्रिटिश खेळाडूने जिंकली. रेनंतर यूएस ओपन जिंकणारा, अमेरिकेत स्थायिक न झालेला ब्रिटिश खेळाडू थेट पन्नास वर्षांनी झाला, आणि तो जॅकलिन.

त्याच्या ऐन उमेदीच्या काळावर मी फार रेंगाळत नाही. १९६९ मध्ये रॉयल लिदमला त्याने ओपन जिंकली. १९५१ मधल्या मॅक्स फॉकनरनंतर घरची ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला ब्रिटिश. पुढच्या जूनमध्ये मिनेसोटातल्या हेझेलटीनला पहिल्या दिवसापासून आघाडी घेऊन त्याने यूएस ओपन सात फटक्यांनी जिंकली. त्या आठवड्यात पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, खाली राहिलेला तो एकटाच. काही आठवडे दोन्ही ओपन एकाच माणसाकडे होत्या आणि तो होता लॉरी ड्रायव्हरचा मुलगा. आपल्याकडे असता तर 'परिस्थितीवर मात'चे किती लेख निघाले असते!

१९७२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, स्कॉटलंडमधल्या म्युरफिल्डला मात्र जे घडलं, ते जवळून पाहायला हवं. शेवटचा दिवस, सतरावा होल, जॅकलिन आणि अमेरिकेचा ली ट्रेव्हिनो बरोबरीत. ट्रेव्हिनोने होलची पुरती वाट लावली होती. चार फटके संपले तरी चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, मागच्या चढावर, गवतात. जॅकलिन तीन फटक्यांत ग्रीनवर, होलपासून पंधरा-सोळा फुटांवर. ट्रेव्हिनोने जवळजवळ आशा सोडून, फारसा विचार न करता एक चिप, म्हणजे जवळून उचललेला छोटा फटका, मारली आणि चेंडू थेट होलमध्ये गेला. आता दोन पटमध्ये, म्हणजे ग्रीनवरून होलकडे ढकलायच्या फटक्यांत, होल संपवला तरी जॅकलिनची बरोबरी टिकणार होती. त्याने बर्डीसाठी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी लागावा म्हणून, पट मारला, तो होलच्या पुढे गेला. परतीचा तीनेक फुटांचा पट चुकला. तीन पट. अठराव्या होलवर आणखी एक फटका गेला आणि तो थेट तिसऱ्या क्रमांकावर घसरला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्यानंतर मेजर जिंकण्याच्या जवळ तो पुन्हा कधी गेला नाही. त्या दिवशी आतून काहीतरी तुटलं, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे.

हा प्रसंग सांगितला, कारण माझ्या मुद्द्यावरचा पहिला आक्षेप इथूनच निघतो. त्या दिवशी जॅकलिनकडे पैसा होता, नाव होतं, सोयी होत्या, तरी पट चुकलाच. मग सोयींनी काय साधतं? सोयी खेळाडूचा पट मारून देत नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्यांच्याकडे जिंकण्याची हमी म्हणून कुणी पाहू नये. पण खेळाडूच्या डोक्यावर आधीच जे ओझं असतं, त्यात आयोजकांनी आपल्या कंजूषपणाची भर घालू नये, एवढं तर आपण मागू शकतो. आणि हेच जॅकलिनने मागितलं.

रायडर कप ही ब्रिटन आणि अमेरिकेच्या व्यावसायिकांमधली सांघिक स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली. सॅम्युअल रायडर या बियाण्यांच्या व्यापाऱ्याने तिचा चषक दिला. महायुद्धानंतर ती स्पर्धा उरली ती नावापुरती. १९५७ चा एक विजय सोडला तर ब्रिटन हरतच राहिलं. १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलला १६-१६ अशी बरोबरी झाली, तीही अशी की शेवटच्या सामन्यात, शेवटच्या होलवर, जॅकलिनला दोनेक फुटांचा पट मारायचा बाकी होता आणि समोरच्या जॅक निकलसने चेंडूच्या जागी ठेवलेली त्याची खूण उचलून तो पट मारायच्या आधीच मान्य करून टाकला. चुकण्याची संधी मी तुला देणार नव्हतो, अशा अर्थाचं काहीतरी निकलस त्याला म्हणाला. अमेरिकेचा कप्तान सॅम स्नीड यावर नाराज झाला, पण आज त्या स्पर्धेतलं लोकांच्या लक्षात राहिलेलं तेवढंच आहे. प्रतिस्पर्ध्याने दिलेला मान काय असतो, हे जॅकलिनला त्या दिवशी कळलं.

आपल्याच संघटनेकडून मात्र तो मान मिळत नव्हता. अमेरिकन खेळाडू उत्तम कपड्यांत, एकसारख्या बॅगा घेऊन यायचे. ब्रिटिश खेळाडूंना स्वस्तातले कपडे, सोल निघणारे बूट आणि विमानात मागच्या जागा. जॅकलिनने मुलाखतींमध्ये हे वारंवार सांगितलं आहे. सामना सुरू होण्याआधीच आपण दुय्यम आहोत हे अंगावरच्या कपड्यांनीच सांगितलेलं असे. १९७९ पासून संघ युरोपचा झाला, तरी या वागणुकीत फरक पडला नाही. १९८१ मध्ये वॉल्टन हीथला युरोप १८½–९½ असा चिरडला गेला. मानधनाच्या वादातून स्पेनचा सेवे बॅलेस्टेरॉस त्या संघात नव्हता, आणि जॅकलिनलाही निवडलं नव्हतं. तो दुखावला होता आणि रायडर कपशी आपला संबंध संपला असं धरून चालला होता.

१९८३ मध्ये लीड्सजवळच्या एका स्पर्धेत सरावाच्या मैदानावर अधिकारी त्याच्याकडे आले आणि कप्तान होतोस का म्हणून विचारलं. जॅकलिनने होकाराआधी अटी ठेवल्या. संघ कॉनकॉर्ड या आवाजाहून वेगवान, महागड्या विमानाने जाईल. कपडे उत्तम प्रतीचे, काश्मिरी लोकरीचे. प्रत्येकाचा स्वतःचा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा मदतनीस, सोबत येईल. संघाला बसायला, जेवायला, बोलायला स्वतःची खोली असेल, जिथे बाहेरचं कुणी येणार नाही. अधिकाऱ्यांनी सगळं मान्य केलं. त्यांना त्याची गरज होती, हे खरं. पण सांगणं भाग आहे की त्या आधीच्या इतक्या वर्षांत कुणा कप्तानाच्या अटींनी एवढा फरक पाडला नव्हता. मिळेल ते घ्यायचं आणि देशासाठी खेळायचं, हीच रीत होती.

'देशासाठी खेळायला मिळतंय, आणखी काय हवं?' हे वाक्य आपणही ऐकलेलं आहे. खेळाडूला गप्प करायला याच्याइतकं सोपं वाक्य नाही. ते बोलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः देशासाठी खेळलेला नसतो.

अटी मान्य झाल्यावर जॅकलिनचं दुसरं काम सुरू झालं: रुसलेल्या सेवेला परत आणणं. साउथपोर्टच्या एका हॉटेलात न्याहारीला बसून त्याने सेवेची सगळी तक्रार ऐकून घेतली. त्यात बरंच तथ्य आहे हे मान्य केलं आणि मग म्हणाला, तुझ्याशिवाय मला हे जमणार नाही. सेवे आला. त्या वर्षीचा रायडर कप फ्लोरिडात होता. तिथे जॅकलिनने त्याची जोडी पॉल वे या वीस वर्षांच्या इंग्लिश पोराशी लावली. पहिल्या दिवसानंतर सेवे कुरकुरला: मी काय याचा बाप आहे का? जॅकलिनने डोक्याकडे बोट करून सांगितलं की इथे तू बापच आहेस, म्हणून तर ही जोडी लावली. पुढे ती जोडी चालली. कॉनकॉर्डची चर्चा सगळे करतात, पण माणसाशी बोलायला लागणारी ही उसंत कप्तानाला मिळाली, ती बाकीची व्यवस्था चोख होती म्हणून. ज्या कप्तानाचा अर्धा दिवस बसची वाट पाहण्यात आणि जेवणाची तक्रार निस्तरण्यात जातो, त्याला खेळाडूच्या मनात काय चाललंय हे कळणार कसं?

१९८३ मध्ये युरोप हरला, पण एका गुणाने, १४½–१३½, आणि तेही अमेरिकेत. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या बेलफ्री मैदानावर १६½–११½ असा विजय मिळाला, २८ वर्षांनी. १९८७ मध्ये ओहायोतल्या म्युरफिल्ड व्हिलेजला, निकलसने स्वतः घडवलेल्या मैदानावर, निकलसच्याच कप्तानीखालच्या संघाला त्यांनी १५–१३ ने हरवलं. अमेरिका आपल्या भूमीवर रायडर कप हरण्याची ती पहिलीच वेळ. १९८९ ला बरोबरी झाली आणि चषक युरोपकडेच राहिला. मधल्या काळात, १९८८ मध्ये, जॅकलिनची पत्नी व्हिव्हियन मेंदूतल्या रक्तस्रावाने अचानक गेली. तरीही १९८९ ची कप्तानी त्याने सांभाळली. त्या माणसाबद्दल मला आदर आहे, त्यात याचा वाटा मोठा आहे.

१९२७ ते १९८३ या काळात पंचवीस स्पर्धा झाल्या, त्यातल्या एकवीस अमेरिकेने जिंकल्या. १९८५ ते २०२५ मध्ये वीस झाल्या, त्यातल्या तेरा युरोपने.

यावर दुसरा, आणि जास्त वजनाचा आक्षेप असा की युरोपकडे तेव्हा खेळाडूच तसे आले. बॅलेस्टेरॉस, फाल्डो, लँगर, लायल, वूसनम हे पाचही जण १९५७-५८ च्या वर्षभरात जन्मलेले. पाचही जणांनी पुढे मेजर जिंकल्या. अशी पिढी वारंवार येत नाही. शिवाय १९८१ चा अमेरिकन संघ इतिहासातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी होता. म्हणजे फरक कपड्यांनी पडला की खेळाडूंनी? खेळाडूंनीच. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण त्याला पुढचा प्रश्न विचारतो: ती पिढी आली तेव्हा जुनी व्यवस्था तशीच असती तर सेवे त्या संघात असता का? १९८१ मध्ये तो नव्हता, आणि त्याला बाहेर ठेवणारी माणसं गुणवत्ता ओळखण्यात कमी पडली नव्हती. सेवे किती मोठा खेळाडू आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना तो आज्ञाधारक हवा होता. गुणवत्ता निसर्ग देत असेल, पण तिला संघात टिकवण्याचं काम माणसांना करावं लागतं.

तिसरा आक्षेप पैशाचा. गोल्फ श्रीमंतांचा खेळ, त्यांना कॉनकॉर्ड परवडतं, आपल्या तालुका क्रीडा संकुलाशी त्याचा काय संबंध? इथे मी पैसा आणि काळजी वेगळी करून पाहतो. २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजला रायडर कप झाला. अमेरिकेने प्रत्येक खेळाडूसाठी पाच लाख डॉलर ठेवले, त्यातले तीन लाख त्याने सुचवलेल्या समाजकार्याला आणि दोन लाख त्याला स्वतःला. युरोपच्या खेळाडूंनी पैसे नको म्हणून सांगितलं. त्यांचा कप्तान ल्यूक डोनाल्ड, हाही इंग्लिश. जागतिक क्रमवारीत पहिला राहिलेला, पण मेजर एकही न जिंकलेला. त्याने काय केलं? हॉटेलच्या खोल्यांच्या दारांच्या फटींतून येणारा प्रकाश बंद केला, कारण खेळाडूंची झोप मोडत होती. अंथरुणं बदलली. बाथरूममधला शाम्पू बदलला. युरोप १५–१३ ने जिंकला. शाम्पूमुळे जिंकला असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण दाराच्या फटीतून प्रकाश येतो हे ज्याला दिसतं, त्याला खेळाडू दिसतो. फट बुजवायला लाखो डॉलर लागत नाहीत.

आता आपल्याकडचं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि खर्डेकरांपुढे तर नतमस्तकच व्हायला हवं. पण एका प्राचार्याला घर गहाण ठेवावं लागलं, ही सरकारची नामुष्की होती, आणि गोष्ट सांगताना ही बाजू हळूच गळून पडते. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात सहारनपूरला राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धेला आलेल्या मुलींचं जेवण स्वच्छतागृहात ठेवलेलं होतं. व्हिडिओ देशभर फिरला, म्हणून अधिकारी निलंबित झाला. व्हिडिओ निघत नाही तिथे काय होतं, याची कल्पना करणं अवघड नाही.

उलटं उदाहरणही आपल्याच अंगणात आहे. महिला क्रिकेटच्या जुन्या पिढीने रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाने प्रवास केले, डॉर्मिटरीत रात्री काढल्या. २००६ मध्ये बीसीसीआयने महिला क्रिकेट आपल्याकडे घेतलं, २०२२ मध्ये पुरुषांइतकंच सामना मानधन जाहीर झालं, २०२३ मध्ये महिलांची लीग सुरू झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय मुलींनी विश्वचषक उचलला. सांगलीची स्मृती मानधना त्यात, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्स त्यात. एकाच कारणाने विश्वचषक येत नाही, आणि त्याआधी दोन अंतिम सामने खेळलेल्या पिढ्यांनीच हा पाया घातला. पण त्या पिढ्यांना जे सोसावं लागलं, ते सोसलं म्हणून त्या मोठ्या झाल्या, असं कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी भांडेन. सोसूनही त्या मोठ्या झाल्या. सोसता न आल्यामुळे ज्या घरी बसल्या, त्यांचा फोटो कुठेच छापून आलेला नाही.

म्हणून माझी मागणी जॅकलिनच्या अटींसारखीच साधी आहे. शालेय स्पर्धेला निघणाऱ्या संघाची गाडी, मुक्काम आणि जेवण ठरवणाऱ्या बैठकीत एक माजी खेळाडू बसला पाहिजे, आणि त्याच्या सहीशिवाय कंत्राट देऊ नये. मुलींच्या संघासोबत जाणाऱ्या शिक्षिकेच्या हातात खर्चाची रक्कम आणि अधिकार दोन्ही हवेत. परत आल्यावर बिलं मागवण्याची पद्धत बंद व्हावी. प्रत्येक स्पर्धेनंतर खेळाडूंना लेखी विचारावं: झोप मिळाली का, पोटभर जेवलात का, स्वच्छतागृह वापरण्याजोगं होतं का? ही उत्तरं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर लावावीत. आणि पत्रकार मित्रांनो, पुढच्या वेळी पदकविजेत्या मुलीच्या घराचा फोटो काढाल, तेव्हा तिला स्पर्धेसाठी दिलेल्या मुक्कामाच्या जागेचाही काढा आणि दोन्ही शेजारी छापा.